खाली माग, वर कॉम्प्युटर: चाळीस हजारांतल्या पहिल्या असेंबल मशिनचं प्रकरण

कॉम्प्युटरच्या कोटेशनचा कागद घड्या घालून घालून मऊ झाला होता. भाच्यानं तो महिनाभर तरी खिशात बाळगला असावा. तारीख एप्रिल २०२४ ची. एकूण ४१,५००, त्याखाली पेनानं ‘शेवटचे ४०,०००’. पोरगा कॉम्प्युटर डिप्लोमाचं पहिलं वर्ष संपवून मोकळा झाला होता आणि बहिणीनं भिशीचे पैसे काढून ठेवले होते. “मामा, तुम्ही नुसतं बघून सांगा, घेऊ का?” एवढंच त्याचं काम होतं.

कागदावर होतं ते असं: आय५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, जीटी ७३० ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’, ‘गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससह’ (एसएमपीएस म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा), २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस. पोरानं आय५ ला एक गोल केला होता आणि ४ जीबी ग्राफिकला दोन.

यात दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक येतं ते ‘आय५ पाहिजे, ग्राफिक कार्ड पाहिजे, चाळीसच्या आत पाहिजे’ म्हणत येतं. तो तिन्ही बसवून देतो. उरलेल्या जागेत जे मावेल ते येतं. नावापुढचा ‘एफ’ मात्र कुणी विचारत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरपुढे एफ असतो त्याच्या आत ग्राफिक्सच नसतं, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. म्हणून यादीत जीटी ७३० आलं होतं. ते कार्ड २०१४ सालचं. त्याच्या केप्लर घराण्याला नव्या गेमचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, २०२१ नंतर बंद झाले. कार्डावर ४ जीबी मेमरी आहे हे खरं, पण बैल म्हातारा असला तर गाडीत माल किती मावतो याला अर्थ नाही.

हे सगळं त्याला सांगायच्या आधी मी एकच विचारलं, “मशिन ठेवणार कुठं?”

“वर, माझ्या खोलीत.”

मग मी मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि रविवारची वाट न बघता मंगळवारी दुपारी गेलो. रविवारी, खालचे माग बंद असताना, ती खोली खोटं बोलली असती.

बहिणीचं घर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला. तळमजल्यावर दाजींचा कारखाना. चारच माग आहेत, पण सोलापुरात त्याला कारखानाच म्हणायचं. टॉवेल निघतात. मागच्या बाजूला राहायच्या दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक, ती भाच्याची. मे महिना, दुपारचे तीन. बाहेर ४२ होतं. खोलीत भिंतीवरच्या थर्मामीटरनं ४० दाखवलं. पंखा फिरत होता तो तीच गरम हवा इकडून तिकडं करत होता.

टेबलावर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं. खाली माग चालू होते. प्रत्येक ठोक्याला पाण्यावर बारीक कडी उमटत होती. कोटेशनमधली हार्ड डिस्क मी तिथंच, त्या पेल्याकडं बघून काटली. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर वाचायचं डोकं काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असतं. दिवसाचे दहा-बारा तास ठोके खात ती किती टिकेल यावर मी पैसे लावले नसते. एसएसडीत हलणारं काहीच नसतं.

टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं तर धुळीपेक्षा कापसाचे तंतूच जास्त आले. जिन्यातून वर येतात, पत्र्याच्या फटीतून येतात. धूळ निदान झटकली की उडते. तंतू पंख्याच्या पात्याला आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पन्हाळ्यांना धरून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचा नमदा होतो.

राहिली वीज. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल मोजलं: २२६ व्होल्ट. छान. दाजींना खालून एक माग बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. आकडा क्षणभर १८८ वर आला आणि वर गेला. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते, त्यामुळे हा झटका येणारच. शेजारीही कारखानेच आहेत, म्हणजे दिवसभर हे असंच. मग फेज आणि अर्थिंग मोजलं. इथं २२५ च्या आसपास यायला हवं. आलं ७१, तेही स्थिर नाही, डुलणारं. म्हणजे तीन भोकांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला होतं.

भाचा म्हणाला, “मोबाइल तर चार्ज होतो की ओ.”

होतो. मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये वीज आत येते तिथंच एक फिल्टर असतो. त्यातले बारीक कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसलं की कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, साधारण ११५ वर, टांगून राहतो. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार मी या गावात इतक्या वेळा ऐकली आहे की लोकांना आता तो कॉम्प्युटरचा स्वभाव वाटतो. करंट फार थोडा असतो, त्यानं माणूस दगावत नाही. पण एखाद्या दिवशी आतलं इन्सुलेशन गेलं तर फ्यूज उडवायला वाटच नसते. शिवाय टीव्हीची किंवा मॉनिटरची केबल चालू मशिनमध्ये लावताना ठिणगी पडून पोर्ट जातात ते वेगळंच.

म्हणून या मशिनची यादी प्रोसेसरपासून न करता सॉकेटपासून करायला घेतली. वायरमन बोलावला. मीटरच्या बोर्डापर्यंत अर्थिंग नीट होतं, कारखान्याच्या मोटरींसाठी ते केलेलंच होतं. वरच्या खोलीला वायर ओढताना कुणीतरी दोनच तारा नेल्या होत्या. त्यानं आधी सोपा उपाय सुचवला: सॉकेटमध्येच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाकू, काम पाच मिनिटांचं. हा उपाय कुणी सुचवला तर हात जोडून नको म्हणावं. कुठं न्यूट्रल तुटली तर सगळं कॅबिनेट फेजवर येतं. तिसरी तार खालपासून वर ओढली. तारेसकट १,१०० रुपये. अर्थिंगच्या खड्ड्यात दाजींनी दोन बादल्या पाणीही ओतलं, कारण मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत असते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो.

घरात इन्व्हर्टर होताच, त्यामुळे वेगळा यूपीएस घेतला नाही. पण तो कसला आहे ते पाहिलं. प्युअर साइन वेव्ह निघाला, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लाट देणारा, बरं झालं. स्क्वेअर वेव्हच्या खडबडीत लाटेवर चांगले एसएमपीएस कधीकधी बंद पडतात. त्याच्या मागं एक छोटं बटण होतं, ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असं. घेतल्यापासून इकोवर. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इको मोडला इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलतो, आणि मशिन रिस्टार्ट होतं. बटण यूपीएसवर केलं. याचाही एक तोटा आहे, तो नंतर कळला: यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर १८० च्या आसपास व्होल्टेज आलं की लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी आजूबाजूचे माग एकदम सुरू झाले की वर ‘टक्’ असा आवाज येतो. चालायचं.

आता प्रोसेसर. पोराची कामं काय, तर जावा, पायथन, पुढं अँड्रॉइड स्टुडिओ, एखादं व्हर्च्युअल मशिन, आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम. हे शेवटचं त्यानं शेवटीच सांगितलं, आवाज खाली करून. १२४००एफ प्रोसेसर म्हणून चांगलाच आहे, सहा कोर, बारा थ्रेड. पण त्याला जोडीचं कार्ड घ्यायचं तर बजेट मोडतं. जुनं आरएक्स ५८० स्वस्तात मिळतं असं त्याच्या मित्रानं सांगितलं होतं. मिळतं, कारण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवरचं त्याचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, एका दिवसात थांबलं. ती कार्डं मग बाजारात आली. रात्रंदिवस तापलेलं ते कार्ड, बिल नाही, वॉरंटी नाही, आणि १८५ वॅटची भूक. ४० डिग्रीच्या खोलीत नको म्हटलं. आय३ १२१०० स्वस्त आणि चपळ, पण चारच कोर आणि आतलं ग्राफिक्स गेमच्या मानानं अगदीच लंगडं.

एक रस्ता मी प्रामाणिकपणे मांडला होता: ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप. तेव्हा पंधरा हजारांच्या आत मिळायचा, शिकायला पुरतो. फक्त विंडोज ११ साठी आठव्या पिढीच्या खालचा इंटेल घेऊ नये, आणि त्या बुटक्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या मापाचे असतात, पुढं काही बदलता येत नाही. बहिणीला हे पटलं होतं. भाच्याचं तोंड उतरलं. मी फार ताणलं नाही. स्वतःच्या हातानं जोडायचं हेही त्याच्या शिक्षणातच येतं, असं मी बहिणीला म्हणालो, आणि थोडा माझाही स्वार्थ होता त्यात.

घेतला तो रायझन ५ ५६००जी. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आत वेगा ७ ग्राफिक्स, सोबत कंपनीचा कूलर. जीटी ७३० पेक्षा हे आतलं ग्राफिक्सच सरस आहे. बॉक्सवाला घेतला, खोक्याशिवाय सुट्टा मिळणारा ट्रेवाला नाही. बॉक्सला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. १०,८०० रुपये.

बोर्डाच्या बाबतीत भाच्यानं व्हिडिओ पाहून बी५५० ठरवलं होतं, ‘पीसीआयई ४.० येतं म्हणून’, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायचा वेगवान रस्ता. बोर्डात येतं. पण ५६००जी स्वतः ३.० च देतो, त्यामुळे या जोडीत ते पैसे वाया. बी४५० घेतला, चार रॅम स्लॉटचा, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेला. याहून स्वस्त बोर्डांवर तो ठोकळा नसतो, आणि आमच्या खोलीत तो पाहिजेच. बी४५० चा धोका एकच: बोर्ड २०१८ पासूनचे आहेत, ५६००जी सुट्टा बाजारात आला ऑगस्ट २०२१ मध्ये. बायोस, म्हणजे बोर्डातलं मशिन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुना असला तर बोर्ड प्रोसेसरला ओळखतच नाही. दुकानदाराला आधीच सांगितलं. त्यानं आमच्यासमोर त्याच्याकडचा जुना रायझन लावून बायोस अपडेट करून दिला. ६,३००.

हो, त्याच दुकानदारानं. भाच्याचा बेत वेगळा होता: हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला, तापकीर गल्लीत खरेदी, रात्री परत. भाव थोडे कमी मिळालेही असते. पण बोर्ड सुरू झाला नाही तर पुन्हा अडीचशे किलोमीटर. आम्ही नवी यादी घेऊन कोटेशनवाल्याकडंच गेलो. त्यानं यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, “हे आधी सांगितलं असतं तर हेच दिलं असतं की.” पक्कं जीएसटी बिल, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर. बिलाशिवाय हजारभर सोडायला तो तयार होता. वॉरंटीच्या दिवशी ते हजार महाग पडतात.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. एक पट्टी म्हणजे एकाच पाइपातून पाणी. दुसरी लावली की गेममधला फरक डोळ्याला दिसतो. ३,३०० ला मिळाली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हा भाचा ते बिल मित्रांना दाखवत फिरत होता. एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई, ३,२००. मॉनिटर २२ इंची आयपीएस, ६,७००. कीबोर्ड-माउस ९००, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एसएमपीएसवर मात्र मी दुकानात अर्धा तास घालवला. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा काढायला लावला. वर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’. लेबल उलटून बारीक अक्षरं वाचली: १२ व्होल्टच्या रांगेत १४ ॲम्पिअर. भाच्याला म्हटलं, गुणाकार कर. १६८ वॅट. कॉम्प्युटरमधली खरी खाणारी मंडळी, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड, १२ व्होल्टवरच जेवतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत कागदावर मांडलेले, त्यांना आता फारसं कुणी विचारत नाही. मग दोन्ही हातात दिले, एकात फुकटचा, दुसऱ्यात ८० प्लस ब्राँझ, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला, ५५० वॅटचा. दुसरा जवळपास दुप्पट जड. वजन हा काही पुरावा नव्हे, पण आत ट्रान्सफॉर्मर, कॉइल, हीटसिंक भरलेले असले की ते हाताला कळतं. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४३ ॲम्पिअर, म्हणजे ५१६ वॅट.

आमच्यासाठी त्याहून महत्त्वाची ओळ वेगळीच होती: ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’. काही एसएमपीएस फक्त २०० ते २४० चे असतात. दाजींचा माग सुरू होताना १८८ येतं हे आम्ही मोजलेलं होतं. १०० पासून चालणाऱ्याला त्या झटक्याचं काहीच वाटत नाही, स्टॅबिलायझर लागत नाही. सध्याच्या मशिनला ५५० वॅट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. सगळं पूर्ण ताकदीनं चाललं तरी मॉनिटरसकट दीडशेच्या आत राहतं. पण पुढं आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड लावायचं झालं तर एसएमपीएस बदलावा लागू नये. ३,९०० रुपये.

कॅबिनेटवरून मात्र भांडण झालं. त्याला पुढं काच आणि रंगीत पंखे असलेलं हवं होतं. मला पुढं जाळीवालं आणि काढून धुता येणारी फिल्टर. काचेमागचे पंखे हवा ओढणार कुठून, कडेच्या बोटभर फटीतून? तडजोड अशी झाली की पुढं जाळी, बाजूला काच, आणि जाळीमागचे पंखे रंगीत. ३,२००. पंखे पुढून आत ढकलणारे दोन, मागून बाहेर काढणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटीतून तंतू आत खेचले जात नाहीत, जे यायचं ते फिल्टरमधून येतं.

जोडणी रात्री दहाला, माग थांबल्यावर. ५६००जी सारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला १,३३१ पिना असतात आणि त्या प्रोसेसरलाच असतात, म्हणून कोपऱ्यातला सोन्याचा त्रिकोण जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. हे त्यानं श्वास रोखून केलं. कूलरचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, हेही नीट. चालू केलं. पंखे फिरले, रंग उजळले, स्क्रीन काळी. खालून बहीण, “लागलं का?” एक मिनिट थांबलो, कारण पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ लागतो. दोन मिनिटं. मग बंद करून रॅम पाहिली. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच होती, बरोबर. पण एका पट्टीचं एक टोक वर. नवा बोर्ड वाकतोय असं वाटून त्यानं हात आखडता घेतला होता. अंगठ्यानं दाबली, ‘कट्’ आवाज आला, आणि बायोस उघडला.

तिथं रॅम २४०० वर चालत होती. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा ठरलेला वेग देणारी सेटिंग, चालू केलं तेव्हा ३२०० झाली. हे कितीतरी मशिनवर वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं मी पाहिलंय. टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगही तिथंच चालू केल्या, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला त्या लागतात. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवलं. परवान्याचे पैसे या बजेटमध्ये नाहीत, ते पुढं भरायचे आहेत; तोवर कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ ही ओळ राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मुद्दाम गेलो. खोली ४०, खाली माग चालू. प्रोसेसर अर्धा तास पूर्ण ताणावर ठेवला: ८६ डिग्री. त्याची मर्यादा ९५ आहे. रात्री अकराला हाच प्रयोग ७५ वर थांबला होता. खोलीची गरमी जितकी वाढली तितकीच आकड्यात आली, हिशेब सरळ आहे. व्हॅलोरंट कमी सेटिंगला सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम देतंय, हे मला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं गेलं.

चूक माझीही झाली. बोर्डात वाय-फाय नाही हे मी घेताना पाहिलंच नाही. राउटर खाली, मध्ये स्लॅब. पंधरा मीटर लॅन केबल जिन्यावरून ओढली, क्लिपा आणि मजुरीसकट ४५०. पार्ट्स ३८,३००, अर्थिंग १,१००, केबल ४५०. चाळीस हजारांतले दीडशे उरले. त्यात रंगाचा एक मऊ ब्रश आणला.

ब्रशचा पहिला उपयोग गणपती झाल्यावर झाला. पुढची जाळी काढली तर फिल्टरवर गुलाबी थर, बोटानं उचलला तर टिकलीच्या कागदासारखा अख्खा निघाला. खाली त्या दिवसांत गुलाबी टॉवेल लागले होते. त्याच्या आतल्या बाजूला, जुना, निळा. आता भाचा दर पंधरवड्याला जाळी काढतो आणि जिन्यातून ओरडतो, “हिरवा लावलाय काय खाली?”